चिंचेची पाटी आणि अकरा ओळी

एकदा एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या सर्वांत तरबेज शिष्याला सर्व्हरच्या कामावरून उठवले आणि चिंचा फोडायला बसवले. पाहणाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. तसे काही झाले नव्हते. काय झाले होते ते क्रमाने सांगतो.

हे गृहस्थ एका तालुक्याच्या गावी राहत. तरुणपणी ते टेलिफोन खात्यात होते. तारा जोडता जोडता संगणकाकडे वळले आणि निवृत्त झाल्यावर बी-बियाण्यांच्या दुकानावरची माडी भाड्याने घेऊन त्यांनी प्रोग्राम लिहिण्याचे छोटेसे कार्यालय उघडले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. हाताखाली चार-पाच तरुण माणसे होती. जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयासाठी त्यांचे काम चालले होते. कोणता रुग्ण कोणत्या खाटेवर आहे, त्याला कोणते औषध चालू आहे, कोणती तपासणी राहिली आहे, हे डॉक्टरांना आणि परिचारिकांना एका जागी दिसावे, असा तो प्रोग्राम होता.

असा प्रोग्राम लिहिला आणि नेऊन बसवला, असे करता येत नाही. केलेला प्रत्येक बदल आधी आपल्याकडे चालवून पाहावा लागतो. त्यासाठी माडीच्या कोपऱ्यात एक जुना संगणक ठेवलेला होता आणि त्यावर ॲप्लिकेशन सर्व्हर बसवलेला होता. सर्व्हर म्हणजे सतत जागा असणारा एक प्रोग्राम. तो आपण लिहिलेले चालवतो, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढून आणतो आणि विचारणाऱ्या प्रत्येक संगणकाला उत्तर देतो. तो चालू असला की माडीवर सगळ्यांचे काम चाले. तो पडला की सगळे हाताची घडी घालून बसत.

आणि तो वरचेवर पडे. गावात दुपारी वीज जायची, आणि त्या संगणकाच्या बॅटरीत फारसा जीव उरला नव्हता. वीज परत आली की माडीवरून एकच हाक उठे, "निवास!"

निवासची शाळा दहावीनंतर सुटली होती. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता, तिथे आप्पांनी त्याचा हात पाहिला आणि त्याला माडीवर आणले. त्याला सहा वर्षे झाली होती. बाकीच्या बहुतेकांकडे पदव्या होत्या. ते आपापसांत बोलू लागले की निवास गप्प होई. आपण काही बोललो आणि ते चुकीचे निघाले तर, ही धास्ती त्याला सतत असे. पण सर्व्हर पडला की चित्र पालटे.

"या निवासराव, या," इंद्रजित नावाचा इंजिनिअर खुर्ची सोडून म्हणे. "आमच्या हाताला काही गुण नाही. तीनदा चालू केला, तीनदा पडला. तुमचा हात लागल्याशिवाय देव काही जागा होत नाही."

निवास बसे, काही अक्षरे दाबे, उठून खाली चहाच्या टपरीवर जाई, परत येऊन आणखी काही अक्षरे दाबे, आणि सर्व्हर चालू होई.

"ऐट बघा," इंद्रजित म्हणे. "आमचा जीव टांगणीला, आणि हे काम अर्धं टाकून चहाला."

निवास हसून मान खाली घाली. दिवसातली ती दहा मिनिटे त्याला फार प्रिय होती.

सर्व्हर कसा उभा करायचा, कसा चालू करायचा, ते लिहून ठेव, असे आप्पांनी त्याला सांगितले होते. त्याने वहीत अकरा ओळी लिहिल्या होत्या. आप्पांनी त्या वाचल्या आणि वही कपाटात ठेवली. 

पुढे रुग्णालयाकडून निरोप आला. माडीवर आहे तशीच व्यवस्था आमच्याकडेही एका संगणकावर उभी करून द्या, म्हणजे खरा प्रोग्राम सुरू होण्याआधी आमच्या माणसांचा हात बसेल. यासाठी कुणालातरी आठवडाभर तिथे जाऊन राहावे लागणार होते.

निवास आप्पांकडे गेला. एवढे बोलायला त्याला दोन दिवस लागले होते.

"आप्पा, रुग्णालयात मला पाठवाल का?"

"तुला का?"

"सर्व्हर माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, म्हणून."

आप्पा त्याच्याकडे पाहत राहिले. निवासच्या मनात काय आहे हे त्यांना दिसत होते. इंद्रजितकडे पदवीचा कागद होता. निवासकडे फक्त हा सर्व्हर होता. हे काम इंद्रजितकडे गेले, तर आपल्याला माडीवर ठेवायचे तरी कशाला, असा प्रश्न उद्या कुणीतरी विचारील, असे निवासला वाटत होते. शिवाय शहरातल्या त्या मोठ्या इमारतीत आपल्याला कुणीतरी एकदा साहेब म्हणावे, असेही त्याला वाटत होते. ते त्याने अर्थातच सांगितले नाही.

"उद्या सकाळी लवकर ये," आप्पा म्हणाले. "अंगात जुना सदरा असू दे."

दुसऱ्या दिवशी निवास आला तेव्हा माडीवर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेले होते आणि त्यावर चिंचेने भरलेली पाटी होती. आप्पांच्या परसातल्या झाडाची ती चिंच. शेजारी एक रिकामी वाटी. टेबलावर एक कोरा संगणक मांडलेला होता आणि त्याच्यासमोर तरन्नुम वही उघडून बसली होती. तरन्नुमला येऊन दोनच महिने झाले होते. प्रोग्राममधले फॉर्म दिसतात कसे, एवढेच काम ती पाही. सर्व्हरला तिने कधी हात लावला नव्हता.

"तरन्नुम, त्या वहीत अकरा ओळी आहेत," आप्पा म्हणाले. "त्या वाचून या संगणकावर सर्व्हर उभा कर. निवास, तू खाली बस आणि चिंचा फोड. टरफलं वेगळी, शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे."

"आप्पा, सर्व्हर बसवायचा की चिंचेचं सार करायचं?" इंद्रजितने विचारले.

"दोन्ही. तू चिंचोके भाजून खा." आप्पा निवासकडे वळले. "तुला बोलायची मुभा आहे. मात्र तिला काही सांगावं लागलं, की एक चिंचोका या वाटीत टाकायचा, आणि जे सांगितलंस ते तिनं वहीत लिहायचं. यंत्राला हात लावायचा नाही."

निवासने चिंच हातात घेतली. थोड्याच वेळात त्याची बोटे इतकी चिकट झाली, की मनात असूनही त्याला कळफलकाला हात लावता आला नसता. आपल्याला शिक्षा का होते आहे, हे त्याला समजेना. रुग्णालयात पाठवायचे नसेल तर तसे सांगावे. ज्या कामासाठी सगळे आपल्याला हाक मारतात, ते काम दोन महिन्यांची मुलगी करणार, आणि आपण सगळ्यांसमोर बायकांसारखे चिंचा फोडत बसणार, असे त्याच्या मनात आले.

तरन्नुमने पहिली ओळ वाचली. "जावा बसवा. निवासदादा, कुठली? इथं चार दाखवतंय."

सर्व्हर ज्या पायावर उभा राहतो ती ही गोष्ट. तिच्या अनेक आवृत्त्या असतात.

"आठ घे," निवास म्हणाला. "नवी घेतलीस तर आपला सर्व्हर उभाच राहणार नाही."

वाटीत पहिला चिंचोका पडला. तरन्नुमने वहीत 'आठ' लिहिले.

तिसऱ्या ओळीपर्यंत आणखी दोन पडले. एक फोल्डर कुणाच्या मालकीचे ठेवायचे याचा, दुसरा सर्व्हरला मेमरी किती द्यायची याचा. पाचवी ओळ पोर्टची होती. पोर्ट म्हणजे बाकीच्या संगणकांनी सर्व्हरकडे यायचे दार, त्याला एक क्रमांक असतो. तरन्नुमने वहीतला क्रमांक टाकला.

"तो नको," निवास घाईने म्हणाला. "८०९० टाक."

"वहीत तर ८०८० आहे."

"आधी तेच होतं. नंतर मी बदललं."

"मग वहीत का नाही बदललंस?"

"मला माहीत होतं ना!"

इंद्रजित मोठ्याने हसला. निवासच्या लक्षात आले की आपण काय बोललो. त्याने चिंचोका वाटीत टाकला.

सातवी ओळ होती, 'सेटिंगची फाईल जागेवर ठेवा.' डेटाबेस कुठे आहे, त्यात कोणत्या नावाने आणि कोणत्या पासवर्डने शिरायचे, हे सर्व्हरला त्या फाईलमधून कळते. ती नसेल तर सर्व्हर उभा राहूनही आंधळाच.

"दादा, ही फाईल कुठं आहे?"

निवास चिंचेच्या शिरा काढत राहिला.

"जुन्या संगणकावर शोधली. सापडत नाही."

"माझ्या फोल्डरमध्ये आहे."

"ते मला उघडत नाही."

"उघडणार नाही," निवास वर न बघता म्हणाला. "मी कुलूप घातलंय."

 इंद्रजितचे हसू गेले. आप्पा खिडकीबाहेर पाहत होते, ते तसेच पाहत राहिले. निवासने वाटीत चिंचोका टाकला. मग थोडे थांबून आणखी एक टाकला.

"दुसरा कशाचा?" तरन्नुमने विचारले.

"हे मी विसरलो नव्हतो. मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्याचा."

 त्याने सांगितलेला पासवर्ड वापरून तिने फाईल आणली, जागेवर ठेवली आणि ती कुठे ठेवायची हे वहीत लिहिले. आठव्या ओळीला घड्याळाच्या वेळेचा एक चिंचोका पडला. नववीला काही लागले नाही. दहावी ओळ, डेटाबेस चालू करा. अकरावी, सर्व्हर चालू करा. तिने दोन्ही केले. काही क्षणांत पडद्यावर प्रोग्रामचे पहिले पान उमटले. तरन्नुमने इतक्या जोरात टाळी वाजवली की खालच्या दुकानातून कुणीतरी, "काय झालं?" म्हणून ओरडले.

 सहा वर्षे जे फक्त निवासचे होते, ते एका सकाळीत गेले होते.

तेवढ्यात आप्पा उठले आणि त्यांनी भिंतीतला प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला.

"आप्पा!" तरन्नुम ओरडली.

"वीज गेली," आप्पा शांतपणे म्हणाले. "रोज दुपारी जाते, आज सकाळी गेली. आता आली." त्यांनी प्लग पुन्हा बसवला. "शेवटच्या दोन ओळी पुन्हा कर."

तिने दहावी ओळ केली, लगेच अकरावी केली. सर्व्हर उभा राहता राहता पडला. डेटाबेस उत्तर देत नाही, असे पडद्यावर आले. तिने दोन्ही बंद केले आणि पुन्हा दहावीपासून केले. पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला.

"बघा," इंद्रजित म्हणाला, "आमचं रोज हेच होतं. हाताचा गुण म्हणतो तो हाच."

निवास गुडघ्यावर उभा राहून पडद्याकडे पाहत होता. प्रत्येक अक्षर बरोबर होते. तो जे दाबत असे तेच तिने दाबले होते. उठून स्वतः करावे म्हणून त्याने हात पुढे केला आणि चिकट बोटांकडे पाहून मागे घेतला.

"सांग तिला," आप्पा म्हणाले.

"काय सांगू? सगळं बरोबर आहे."

"मग तुझ्या हातून चालतो तो कसा?"

"मला नाही माहीत," निवास म्हणाला. हे वाक्य सगळ्यांसमोर उच्चारायची त्याला सहा वर्षे भीती वाटली होती.

"दहावी ओळ झाली की तू काय करतोस?"

"अकरावी."

"मध्ये?"

"मध्ये काही नाही."

"काही नाही कसं?" इंद्रजित म्हणाला. "चहाला जातोस की! रोज. काम अर्धं टाकून."

"चहाचा काय संबंध?" निवास चिडून म्हणाला.

"बघू या," आप्पा म्हणाले. "तरन्नुम, दहावी ओळ दे. अकरावीला हात लावू नकोस. चला, सगळे खाली."

सगळे टपरीवर गेले. निवासने तिथल्या नळावर हात धुतले. सगळ्यांनी चहा घेतला. वर आल्यावर तरन्नुमने अकरावी ओळ केली. सर्व्हर चालू झाला, आणि चालू राहिला.

कारण साधे होते. वीज अचानक गेली की डेटाबेस अर्धवट अवस्थेत बंद होतो. पुन्हा चालू झाल्यावर तो आधी आपल्या सगळ्या नोंदी तपासून नीट लावतो. त्याला सात-आठ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात त्याला काही विचारले तर तो उत्तर देत नाही, आणि मध्येच बंद करून चालू केला तर ती तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाकीचे घाई करीत. निवास चहाला जाई.

निवास वर्तमानपत्रावर परत जाऊन बसला. अर्धी पाटी राहिली होती. आप्पाही त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी एक चिंच उचलली.

"वाटीत सात चिंचोके आहेत," ते म्हणाले. "सहा वेळा तू वहीत नसलेलं सांगितलंस आणि एक तुझ्या कबुलीचा. कबूल केलंस, तो विषय संपला. पण चहाचा चिंचोका वाटीत नाही. तो तू टाकूच शकला नसतास. ती गोष्ट तुझ्या वहीत नव्हती आणि डोक्यातही नव्हती. ती तुझ्या पायांत होती. निवास, समज, मी तुला काल तसाच रुग्णालयात पाठवला असता. तिथं चहा टेबलावर येतो. वीज गेल्यावर सर्व्हर उठला नसता, आणि का उठत नाही हे तुला सांगता आलं नसतं. लोक काय म्हणाले असते, ते तुला मी सांगायला नको. तू जे कुलपात ठेवलं होतंस त्याला तू विद्या समजत होतास. त्यात निम्मी सवय होती. जो दुसऱ्याला सांगायला बसत नाही, त्याला आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, ते कळतच नाही."

निवासने हातातली चिंच खाली ठेवली.

"पण आप्पा, आता हे सगळ्यांना येतं. मग माझं काम काय?"

"सहा वर्षं रोज दुपारी तू तोच सर्व्हर चालू केलास. त्या वेळात दुसरं काय शिकलास?"

निवासला आठवून पाहावे लागले. आठवले नाही.

"म्हणजे झालं," आप्पा म्हणाले. "डेटाबेस तयार झाला की नाही ते सर्व्हरनं स्वतःच विचारावं आणि तोवर थांबावं, असं करता येतं. मला येत नाही. तू शोधून काढ. ते जमलं की सोमवारी निघ."

ते जमायला चार दिवस लागले. दोनदा अडला तेव्हा त्याने इंद्रजितला विचारले. इंद्रजितने खुर्ची जवळ ओढून समजावून सांगितले, आणि एकदा, "हे मलाही नाही माहीत, थांब बघू," असेही म्हणाला. वहीतल्या ओळी आता एकतीस झाल्या होत्या.

सोमवारी निवास रुग्णालयात पोहोचला. तळमजल्यावर क्ष-किरण विभागाच्या शेजारी एक अरुंद खोली होती, तिथे संगणक ठेवला होता. केसपेपर सांभाळणारे कुंभार नावाचे पन्नाशीचे कारकून त्याच्यासोबत दिले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी चष्मा लावला, खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि ती निवासपुढे केली.

"बसा साहेब."

निवास क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुम्ही बसा, मामा. मी इथं मागं थांबतो."

"मी? अहो, मला कुठलं येतंय! तुम्हीच करा साहेब, पटकन होईल."

"पटकन होईल. पण मी गेल्यावर होणार नाही. या वहीतली पहिली ओळ वाचा."

मामा संकोचत बसले. एकेक अक्षर शोधत, बोटाने दाबत, ते ओळीमागून ओळ करू लागले. एक तास गेला. निवासने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. मामांना वही कळेनाशी झाली की तो सांगे, आणि पेन काढून तिथेच दुरुस्ती करी. चौदाव्या ओळीवर मामा थांबले.

"इथं लिहिलंय, जबाबदार व्यक्तीचं नाव टाका. कुणाचं टाकू? तुमचं ना?"

ही ओळ निवासने स्वतः लिहिली होती, आणि लिहिताना ती त्याला अगदी स्पष्ट वाटली होती.

"तुमचं," तो म्हणाला, आणि ते वहीतही लिहिले.

मामांनी चष्मा सारखा केला आणि आपले नाव टाकले. सावकाश, एकही अक्षर न चुकता. मग कुणी न सांगता त्यांनी पंधरावी ओळ वाचायला घेतली.